तालीम आणि शोध

'तालीम' हा शब्द मूळचा अरबी. 'इल्म' म्हणजे विद्या आणि 'तालीम' म्हणजे विद्या देणे. मराठीत आल्यावर ह्या शब्दाने तीन बिऱ्हाडे थाटली. पहिलवान लाल मातीत घुमतो ती जागा तालीम. गवई उस्तादापुढे बसून जे घेतो ती तालीम. आणि नाटक रंगभूमीवर येण्यापूर्वी नटमंडळी जे पुन्हापुन्हा घोटतात तीही तालीमच. तिन्ही ठिकाणी विद्या नुसती कळून भागत नाही, ती अंगात मुरावी लागते. डावाचे वर्णन पाठ करून कुस्ती येत नाही आणि यमनाचे आरोह-अवरोह सांगता आले म्हणून यमन गाता येत नाही. हे आपणां सर्वांना ठाऊक आहे.

'संशोधन' म्हटले की मात्र आपल्या डोळ्यांपुढे निराळेच चित्र उभे राहते. ग्रंथालय, जुन्या पोथ्या, तळटीपा आणि शेवटी एखादी पदवी. त्यामुळे तालीम गळ्याची आणि संशोधन कागदाचे, अशी वाटणी आपण मनाशी करून टाकली आहे. गाणाऱ्याने गावे, लिहिणाऱ्याने लिहावे, असे शहाणी माणसेही म्हणतात. ही वाटणी सोयीची असली तरी खरी नाही, एवढेच मला आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे. संगीत आणि नाट्य ह्या प्रयोगाच्या कला आहेत आणि प्रयोगाच्या कलांत शोधाचा जन्म बहुधा तालमीच्या खोलीतच होतो. शिष्याच्या गळ्यात एखादी जागा उतरत नाही. नटाचे वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही. चांगला कसदार आवाज वर्षभरात बसतो. अशा वेळी खरा शिक्षक 'का?' म्हणून विचारतो. त्या प्रश्नाचा चिकाटीने केलेला पाठपुरावा म्हणजे संशोधन. आणि त्याचे उत्तर पुन्हा कोणाच्या तरी गळ्यात उतरले नाही, तर ते विद्वत्तेचे काम असेल, पण कलेला त्याचा उपयोग नाही.

आपल्या परंपरेने ह्यासाठी दोन नेमके शब्द दिले आहेत : लक्ष्य आणि लक्षण. प्रत्यक्ष जे गायले-वाजवले जाते ते लक्ष्य आणि त्याचे नियम सांगणारे शास्त्र ते लक्षण. लक्ष्य आधी, लक्षण मागून. ह्या क्रमाचे फार जुने उदाहरण म्हणजे भरताचे नाट्यशास्त्र. ते मुख्यतः नाटकाचे शास्त्र आहे, पण त्याच्या अठ्ठाविसाव्या अध्यायापासून संगीताचे विस्तृत विवेचन येते; कारण गाण्याबजावण्यावाचून नाटक उभे राहील ही कल्पनाच त्या काळी नव्हती. तेथे श्रुती समजावून सांगताना भरताने एक प्रयोग दिला आहे. सारख्या लावलेल्या दोन वीणा घ्याव्यात. एक तशीच ठेवावी आणि दुसरीचा पंचम एका श्रुतीने उतरवावा; मग तिचे बाकीचे स्वर त्या पंचमाला धरून त्याच अंतराने खाली आणावेत. असे चार वेळा करीत गेले की दुसऱ्या वीणेचा एकेक स्वर पहिल्या वीणेच्या खालच्या स्वराशी येऊन मिळतो आणि कोणत्या स्वरात किती श्रुती आहेत हे कानाला कळते. ह्यात आकडेमोड नाही आणि ऋषिवचनाचा धाकही नाही. एक वीणा स्थिर ठेवावी, दुसरी बदलावी आणि फरक कानाने पाहावा, ही पद्धत आजच्या प्रयोगशाळेतल्या मनुष्यालाही मान्य व्हावी.

त्याच ग्रंथात नटाच्या वाचिक अभिनयाचा विचार आहे. आवाजाची स्थाने तीन : उर, कंठ आणि शिर. दूरच्या माणसाला हाक मारावयाची तर शिरातून, थोड्या अंतरावरच्याशी कंठातून आणि जवळच्याशी उरातून बोलावे, असे भरत सांगतो. त्यावर उच्च, दीप्त, मंद्र, नीच, द्रुत आणि विलंबित असे बोलण्याचे सहा अलंकार देतो. वाक्याचा अर्थ अपुरा ठेवणारा आणि अर्थ पुरा करणारा असे स्वराचे दोन भेदही सांगतो. कोणाही तालीममास्तराने 'वाक्य असे टाकू नकोस, असे टाक' म्हणून जे वर्षानुवर्षे सांगितले असेल, त्याचीच ही व्यवस्थित मांडणी आहे. म्हणजे शास्त्र तालमीतून निघाले आणि पुढच्या पिढ्यांच्या तालमीसाठी लिहून ठेवले गेले.

आता थोडे दूरचे, पण आपल्या विषयाला अगदी लागू पडणारे एक उदाहरण सांगतो. मानुएल गार्सिया हा गानशिक्षक १८०५ मध्ये जन्मला आणि १९०६ मध्ये, वयाच्या १०१ व्या वर्षी वारला. त्याचे वडील युरोपातले नामांकित ऑपेरागायक होते. त्याने स्वतः मात्र रंगमंचावरील गाणे तरुणपणीच सोडले आणि शिकवणे पत्करले. आवाज निघतो कोठून आणि कसा, हे कळावे म्हणून तो लष्करी रुग्णालयात जाऊन कंठाची रचना अभ्यासत असे. १८४१ मध्ये येनी लिंड नावाची स्वीडनची एक वीस वर्षांची गायिका पॅरिसला त्याच्याकडे आली. लहान वयात ऑपेरातल्या अवघड भूमिका एकामागून एक केल्यामुळे तिचा आवाज थकून गेला होता. गार्सियाने तिला पहिला धडा दिला तो गप्प राहण्याचा. सहा आठवडे गावयाचे नाही, बोलणेही शक्य तितके कमी. त्यानंतर त्याने तिला श्वास आणि स्वर पुन्हा पायापासून शिकवले. पुढच्या वर्षी ती परत रंगमंचावर उभी राहिली आणि सबंध युरोपात तिची कीर्ती झाली.

अशा अनुभवांतून गार्सियाच्या मनात एक प्रश्न घर करून बसला होता : गाताना कंठ आतून दिसतो तरी कसा? १८५४ मध्ये पॅरिसमध्ये त्याने दंतवैद्याचा लहानसा आरसा विकत घेतला, तो घशाच्या मागच्या बाजूला धरला आणि दुसऱ्या आरशाने सूर्यप्रकाश त्यावर पाडला. स्वतःच्या स्वरतंतूंची उघडझाप त्याला दिसली. १८५५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याने आपली निरीक्षणे मांडली. पुढे व्हिएन्नाच्या वैद्यांनी ती युक्ती उचलली आणि घशाच्या रोगांची तपासणी करण्याचे एक नवे शास्त्रच उभे राहिले. आज कोणाचा आवाज बसला आणि डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिले, तर त्या आरशामागे एका गाण्याच्या मास्तराची जिज्ञासा आहे हे आपण लक्षात ठेवावे. त्या आरशाने येनी लिंडला गाणे शिकवले नाही, तेही खरे. ते शिकवणीने शिकवले, आणि आरसा तर तेरा वर्षांनी आला. पण शिकवणी आणि शोध एकाच माणसाच्या हातून, एकाच चिंतेपोटी झाले.

येनी लिंड गार्सियाकडे गेली त्याला दोन वर्षे होतात न होतात, तोच १८४३ मध्ये इकडे सांगलीला विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणले. पुढे ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'चा प्रयोग झाला आणि संगीत नाटकाचा संसार सुरू झाला. नाटक मंडळी म्हणजे आपल्याकडची, पाटी न लावलेली, संगीत व नाट्य ह्यांची निवासी शाळाच होती. मुले तेथेच राहत, जेवत आणि शिकत. गाणे शिकवावयास गवई असे आणि वाक्य शिकवावयास तालीममास्तर. गोविंद बल्लाळ देवल हे 'शारदा'कार म्हणून आपणांस ठाऊक आहेत, पण त्या काळच्या नटांना ते त्याहून अधिक तालीममास्तर म्हणून ठाऊक होते. शिकलेला धडा रात्री हजार डोळ्यांपुढे पारखला जाई, आणि ध्वनिक्षेपक नसल्यामुळे ज्याचा आवाज शेवटच्या रांगेला पोचला नाही त्याला ते तेथल्या तेथेच कळे.

ह्या शाळेचा एक मोठा दोष होता, आणि तो कळावयास भास्करबुवा बखल्यांचे चरित्र पुरेसे आहे. बुवांचा जन्म १८६९ चा. लहानपणी गोड गळ्यामुळे ते किर्लोस्कर मंडळीत आले आणि 'रामराज्यवियोग' नाटकात कैकेयीची भूमिका करून नावाजले. पुढे वयात येताना आवाज फुटला. ज्या गळ्यासाठी लाड होत होते तोच गेल्यावर मुलाचे मोल उतरले, आणि त्याला मंडळी सोडावी लागली. वयात येताना मुलग्याच्या स्वरतंतूंची लांबी वाढते आणि त्याचा आवाज सुमारे एक सप्तक खाली उतरतो. मधल्या काळात तो कह्यात राहत नाही. हा काही रोग नाही आणि त्या मुलाचा अपराध तर नाहीच नाही. काही काळ गळ्याला जपावे, हलके गावे आणि नव्या आवाजाची ओळख करून घ्यावी, हा त्यावरचा उपाय आज आवाजाचे शास्त्र सांगते. पण ज्या मंडळीला रात्रीचा खेळ लावावयाचा होता तिला हे पाहावयास उसंत नव्हती. स्त्रीभूमिका करणारे असे किती कोवळे गळे त्या दिवसांत वाया गेले असतील, त्याची नोंद कोठेही नाही.

भास्करबुवा मात्र वाया गेले नाहीत. बडोद्याला फैज महंमद खाँ, मग आग्रा घराण्याचे नथ्थन खाँ आणि शेवटी अल्लादिया खाँ, अशा तीन भिन्न वळणांच्या गुरूंपाशी त्यांनी वर्षानुवर्षे विद्या घेतली. तीन घराणी एका गळ्यात नांदवावयाची तर कोणती तान कोठे शोभते, कोणाचा बोल कोणत्या लयीत बसतो, ह्याची तुलना रोजच करावी लागते. त्या काळी तिला संशोधन असे नाव कोणी दिले नसेल, पण जात तीच आहे. १९११ मध्ये त्यांनी पुण्यात भारत गायन समाज स्थापन केला. आणि ज्या नाटकाच्या जगाने मुलपणी त्यांना दूर केले होते, त्याच जगाचे ते गुरू झाले. १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने खाडिलकरांचे 'स्वयंवर' आणले. त्याच्या पदांना चाली दिल्या भास्करबुवांनी आणि बालगंधर्वांनी त्या रुक्मिणीच्या तोंडून गायल्या.

येथे शिकवण्याचा एक अवघड प्रश्न सोडवला गेला आहे. मैफलीत जी चीज अर्धा-पाऊण तास फुलते, तीच नाटकात काही मिनिटांत संपवावी लागते. शिवाय मैफलीत शब्द मागे राहिले तरी चालते. नाटकात रुक्मिणी काय म्हणते ते कळलेच पाहिजे, आणि म्हणणारी रुक्मिणी आहे, गवई नव्हे, हेही वाटले पाहिजे. यमन, भूप, बिहाग हे राग शुद्ध राहिले, शब्द स्पष्ट राहिले आणि भूमिकाही मोडली नाही. किती आलाप म्हणजे पुरे, तान कोणत्या अक्षरावर घ्यावी आणि कोणत्या अक्षरावर मुळीच घेऊ नये, हे नटाला बसवून शिकवल्याखेरीज असे घडत नाही. दुर्दैव एवढेच की त्या तालमींचे टिपण कोणी ठेवले नाही. गाण्याच्या तबकड्या उरल्या. शिकवणे हवेत विरले. १९३२ मध्ये मराठी बोलपट आला आणि पुढच्या काही वर्षांत एकेक मंडळी मिटत गेली, तेव्हा तिच्याबरोबर तिची शाळाही मिटली.

विद्या अशी माणसाबरोबर जाऊ नये म्हणून त्याच काळात दोन विष्णूंनी आपापले आयुष्य वेचले. विष्णु दिगंबर पलुसकर कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाले, म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते गाणे शिकले आणि ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. वेळापत्रक, इयत्ता, छापील पुस्तके आणि परीक्षा ह्यांच्या साहाय्याने त्यांनी गाणे प्रतिष्ठित घरांतल्या मुलांमुलींपर्यंत नेले. आणि शिक्षक तयार करण्यासाठी उपदेशक वर्ग चालवला, ही त्यांची मोठी दूरदृष्टी होय. त्यांचे शिष्य विनायकराव पटवर्धन हे गंधर्व नाटक मंडळीत नट होते आणि १९३२ मध्ये त्यांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले. नाटक मंडळीची शाळा आणि पाटी लावलेली शाळा ह्या दोहोंचा अनुभव असलेला हा गृहस्थ.

दुसरे विष्णु नारायण भातखंडे, मुंबईचे वकील. त्यांनी देशभर हिंडून घराणेदार गवयांकडून चीजा मिळवल्या, जुने संस्कृत ग्रंथ पाहिले, आणि ग्रंथ व गाणे जुळत नाही असे दिसले तेव्हा प्रचलित गाण्यालाच प्रमाण मानले. त्यांनी आपल्या संस्कृत ग्रंथाला 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' असे नाव दिले, त्यातच त्यांची भूमिका आली. त्यांचा 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' हा चार भागांचा मराठी ग्रंथ गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात आहे. इतके मोठे संशोधन त्यांनी शिकवणीच्या भाषेत लिहिले, ही गोष्ट मला फार सूचक वाटते. चीजा स्वरलिपीत बांधून 'क्रमिक पुस्तक मालिका' ह्या नावाने त्यांनी विद्यार्थ्यांच्या हाती दिल्या. १९२६ मध्ये लखनौला संगीताचे महाविद्यालय निघाले, तेथे ही पद्धत चालू झाली.

स्वरलिपीवर त्या वेळी टीका झाली आणि ती सर्वस्वी खोटी नव्हती. लिपी स्वराचे नाव सांगते, पण एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर कसे जावे हे सांगताना ती अपुरी पडते. दरबारीचा गंधार कागदावर 'कोमल ग' एवढाच असतो; त्याचे आंदोलन गुरूच्या तोंडूनच घ्यावे लागते. भातखंड्यांचे पुस्तक म्हणजे नकाशा आहे आणि नकाशा हाती असला तरी वाट पायांनीच चालावी लागते. पण नकाशा नसता तर कित्येक वाटा आज बुजून गेल्या असत्या.

ह्याच काळात मोजमापाचाही एक ध्यास आपल्याकडे निर्माण झाला. कृष्णाजी बल्लाळ देवल ह्यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. तारेच्या लांबीवरून स्वर मोजावयाचे आणि अब्दुल करीम खाँसारख्या तयार गवयाच्या कानाशी ते ताडून पाहावयाचे, असा त्यांचा मार्ग होता. क्लेमेंट्स ह्या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर त्यांनी श्रुतींची पेटीही करवून घेतली, आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत श्रुतींवरून मोठा वाद झाला. वाद कशाचा हे समजणे अवघड नाही. तानपुरा छेडला की त्यातून जो शुद्ध गंधार ऐकू येतो, त्याचे षड्जाशी प्रमाण पाचास चार असे असते. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग कल्पिले तर हा गंधार सुमारे ३८६ व्या भागावर येतो. आपल्या नेहमीच्या हार्मोनियमचा गंधार ४०० वर असतो. हा चौदा भागांचा फरक तयार कानाला खटकतो. आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला बंदी होती, तिच्यामागे जी कारणे सांगितली गेली त्यांत हेही एक होते.

पण पुढच्या मोजणीने आणखी एक गोष्ट दाखवली. १९६३ मध्ये जैराजभॉय आणि स्टोन ह्या दोन अभ्यासकांनी नामवंत कलावंतांचे प्रत्यक्ष स्वर यंत्राने मोजले, तेव्हा एकाच रागातला एकच स्वर निरनिराळ्या कलावंतांकडे वेगवेगळ्या जागी लागतो असे आढळले. म्हणजे ग्रंथातल्या बावीस ठरीव खुंट्यांना गाणे बांधलेले नाही. संदर्भ पाहून स्वर किंचित हलतो, आणि तो कसा हलवावा हे ज्याला कळते तो कलावंत. विद्यार्थ्याने ह्यातून काय घ्यावे? त्याने पेटीच्या आधाराने गाणे पाठ करण्यापेक्षा तानपुऱ्याशी मैत्री करावी. जुने गुरू हेच सांगत आले होते. मोजणीने त्यांच्या सांगण्याचे कारण दिले, आणि कारण कळले की शिष्य ती गोष्ट अधिक श्रद्धेने करतो.

आवाजाच्या बाबतीतही असाच प्रवास झाला. पलुसकरांचे शिष्य प्रा. बी. आर. देवधर ह्यांनी मुंबईत १९२५ मध्ये आपली संगीतशाळा काढली. पाश्चात्त्य संगीताचाही अभ्यास करून आवाज कमावण्याचे शास्त्र आपल्या गाण्याला कसे लागू पडेल, ह्याचा त्यांनी जन्मभर विचार केला. कुमार गंधर्व त्यांचेच शिष्य. क्षयाच्या दुखण्यातून उठल्यावर कुमारांना पूर्वीचा दमसास राहिला नव्हता. तेव्हा आहे त्या श्वासात लहान, तेजस्वी स्वरवाक्यांची नवी गायकी त्यांनी घडवली. श्वास हे गाण्याचे भांडवल खरे, पण ते कसे खर्चावयाचे ह्याचाही विचार करता येतो, हे त्यांनी दाखवून दिले. त्यानंतरच्या पिढीत अशोक दा. रानडे (१९३७–२०११) ह्यांनी गायक आणि नट ह्या दोघांना आवाजाचे शिक्षण दिले आणि महाराष्ट्राच्या रंगसंगीतावर ग्रंथही लिहिला. गाणारा आवाज आणि बोलणारा आवाज हे एकाच घरचे दोन भाऊ आहेत, ही दृष्टी त्यांच्या कामात सतत दिसते.

विज्ञानाने ह्या घरात आणखी एक दिवा लावला. स्वीडनमधील योहान सुंडबर्ग ह्यांनी १९७० नंतरच्या दशकात दाखवून दिले की ऑपेरातला पुरुष गायक सेकंदाला सुमारे तीन हजार कंपनांच्या टापूत आपल्या आवाजाला एक खास धार आणतो. वाद्यवृंदाचा जोर त्या टापूत कमी असल्यामुळे तो आवाज ओरडल्यावाचून सर्वांवर तरंगतो. जोर वाढवून आवाज पोचत नाही, घाट बदलून पोचतो. आपल्याकडे हौशी नाटकांच्या तालमीत 'मोठ्याने बोल' ही सूचना सर्रास दिली जाते. ती पाळताना नट घसा ताणतो आणि तिसऱ्या अंकापर्यंत त्याचा आवाज चिरकतो. जबडा सैल, श्वास खोल आणि अक्षर पुढे, असे शिकवणारा मास्तर भेटला तर तोच मुलगा विनासायास शेवटच्या रांगेला ऐकू जातो.

स्वातंत्र्यानंतर ह्या शिक्षणाने विद्यापीठाची पायरी चढली. दिल्लीला १९५९ मध्ये राष्ट्रीय नाट्य विद्यालय सुरू झाले. कलकत्त्याला १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आय. टी. सी. संगीत रिसर्च अकादमी निघाली. तेथे गुरू आणि शिष्य एकाच आवारात राहतात, आणि संशोधन हा शब्द तर संस्थेच्या नावातच आहे. पुणे विद्यापीठात १९८७ मध्ये ललित कला केंद्र सुरू झाले, तेथे संगीत, नृत्य आणि नाट्य एका छपराखाली आले आणि गुरुकुलाची रीत विद्यापीठाच्या चौकटीत बसवण्याचा यत्न झाला. नाटक मंडळीत जे एकत्र होते आणि नंतर विखुरले गेले, ते पुन्हा एकत्र आणण्याचा हा उपक्रम आहे, आणि म्हणून त्याचे मोल मोठे आहे.

येथेच एक धोका संभवतो. विद्यापीठात प्रबंधाला मान, प्रबंधाला पदवी आणि पदवीला नोकरी. मग होतकरू गायक रियाजाचे तास कमी करून पानांची भर घालतो, आणि ज्याचा ना गाण्याला उपयोग ना शास्त्राला, असा ग्रंथ कपाटात जाऊन बसतो. कलावंताचे संशोधन कसे असावे ह्याचा एक नमुना मला १९७२ च्या 'घाशीराम कोतवाल'च्या प्रयोगात दिसतो. तेंडुलकरांचे नाटक, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचे संगीत. कीर्तन, लावणी, अभंग, खेळे अशा जुन्या प्रकारांतले काय उचलावे, आणि गाणे, नाचणे व बोलणे एकाच नटसमूहाने एका दमात कसे करावे, हे त्यांना तालमीतच शोधावे लागले. त्या तालमींची कोणी रोजनिशी ठेवली असती, कोणते टाकले आणि का टाकले हे लिहिले असते, तर तो उत्तम प्रबंध झाला असता. प्रयोग करावा, त्याची नोंद ठेवावी आणि ती नोंद पुढच्या शिष्याच्या उपयोगी पडावी. प्रयोगकलांच्या संशोधनाकडून मी एवढीच अपेक्षा ठेवीन.

हे सर्व आपल्यासारख्या नागरिकांपुढे सांगण्याचे कारण असे, की ह्या विद्येचे भवितव्य काही विद्वानांच्या हाती नाही. ते गल्लीगल्लीतल्या संगीतवर्गांत आणि सुट्टीतल्या नाट्यशिबिरांत ठरत असते, आणि तेथे मुले धाडणारे आपणच आहोत. मुलाला वर्गात घालताना फी आणि परीक्षेचा निकाल आपण विचारतो. त्याबरोबर आणखी दोन-तीन गोष्टी विचाराव्यात. शिक्षक प्रत्येक मुलाचा आवाज वेगळा ऐकतात का, की वीस मुलांना एकाच पट्टीत गावयास लावतात? मुलाचा घसा दुखला तर थांबवतात का? मुलगा तेराचौदा वर्षांचा झाला आणि आवाज फुटू लागला, तर त्याचे काय करतात? शिकवलेले पुढे कोठे लिहून ठेवतात का? ह्या प्रश्नांची उत्तरे देताना एखादा शिक्षक थबकला आणि 'पाहतो, विचार करतो' म्हणाला, तर त्याच्यावर रागावू नये. तो विचार करू लागला असेल, तर मूल अवश्य त्याच्याच हाती द्यावे. आणि स्पर्धेत नंबर यावा म्हणून गातच राहा असे बसलेल्या आवाजाच्या मुलाला सांगणारा कोणी भेटला, तर त्याची पाटी कितीही मोठी असो, मुलाचा हात धरून घरी परत यावे.